राजदीपदादाची खाकर

सौंदडच्या शाळेत खोकल्याची साथ दरवर्षी यायची, पण दोन हजार अकरा साली जी आली ती खाकरण्याची होती. गणिताचे सर फळ्याकडे वळले रे वळले की मागच्या बाकावरून एक खाकर निघायची, तिला खिडकीपासून दुसरी जाब द्यायची, मग मुलींच्या रांगेतून तिसरी. सर खडू घेऊन वळेपर्यंत सगळा वर्ग गरीब गाय. "वाफ घेत जा बे घरी," सर म्हणायचे. ते गोंदियाहून गाडीनं येणं-जाणं करायचे, त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक.

मुलींच्या रांगेतली ती खाकर रंजिता शहारेची असायची. आदल्या वर्षीपर्यंत हजेरीला 'हजर' म्हणताना जिचा आवाज बाकाखालून आल्यासारखा येई, तीच ही रंजिता. आता ती नववीत होती, दोन वेण्या घालणं तिनं सोडलं होतं, आणि शाळेच्या गॅदरिंगमध्ये राजदीपदादाचं गाणं म्हणून तिनं मुख्याध्यापकांना खिशातून रुमाल काढायला लावला होता. तेव्हापासून तिला आपल्या गळ्याचा शोध लागला होता. नवी सायकल मिळालेलं पोर जसं विनाकारण गावभर चकरा मारतं, तशी ती दिवसभर गात असायची.

राजदीप रामटेके सौंदडचाच. विहाराच्या मागच्या गल्लीत आईसोबत राहायचा. कुठून तरी एक जुनी गिटार आणून तो आपल्या मनानं शिकला, आणि दोस्त प्रफुल्लला कॅसिओवर बसवून त्यानं बँड काढला. नाव ठेवलं 'बोडी'. शेताच्या कडेला पाण्यासाठी खोदलेलं लहानसं तळं असतं ना, ती बोडी. गाणी पण तशीच. आवाज नाही, धिंगाणा नाही, वर शांत आणि आत खोल. डीजेच्या भिंतीपुढं छाती धडधडवून घेणाऱ्या पोरांना आधी ती झोपेची गोळी वाटली. मग एकेक जण आपापल्या कानात ती घेऊन फिरायला लागला. नागपूरच्या एका पेपरात त्याच्याबद्दल छापून आलं, त्यात 'सॉफ्ट रॉक' असं लिहिलं होतं. कोणीतरी स्टेजखालून विचारलं, "सॉफ्ट रॉक म्हंजे काय होय दादा?" राजदीप म्हणाला, "गोटाच होय भाऊ. पन हळूच मारलेला." आणि तारा छेडल्या.

आणि ती खाकर. ती दिवाळीनंतरच्या मंडईतली. मंडई म्हणजे आमच्या झाडीपट्टीत गावागावात भरणारी जत्रा. त्या दुपारी दंडार, म्हणजे नाच-गाण्याचा खेळ, संपली होती, नाटकाला अवकाश होता, मधल्या वेळात 'बोडी'ला स्टेज मिळालं. राजदीपनं नवं गाणं काढलं:

*धुऱ्याधुऱ्यानं येजो, उजेड नको आनू…*

इथं सूर वर चढत जातो आणि शेवटच्या 'नू'वर लांबतो. त्या दिवशी तो 'नू'पर्यंत पोचला आणि थांबला. मान जराशी बाजूला केली, दोनदा खाकरला, एक लहान, एक त्याहून लहान, मग आवंढा गिळला आणि अगदी हळू म्हणाला:

*…मी जागाच आहो.*

पब्लिक आधी हसली, मग तिच्या अंगावर काटा आला, मग तिनं जी टाळी वाजवली ती थांबेचना. कोणीतरी अंधारात धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून येतंय, घरातला माणूस दिवा न लावता बसलाय, आणि 'मी आहे' हे सांगायला नुसता खाकरतोय. असं ते सगळ्यांना दिसलं. काय सुचलंय याला, असं म्हणाले लोक. रिंकी रहांगडाले, म्हणजे रंजिताची जिवाची मैत्रीण, तिचा मोठा भाऊ खुमेंद्र मोबाईलचं दुकान चालवायचा. त्यानं ते फोनमध्ये धरून ठेवलं आणि पुढच्या दोन महिन्यांत सौंदडपासून तिरोड्यापर्यंत जे जे मेमरी कार्ड त्याच्या हाताखालून गेलं, त्यात ती खाकर भरून दिली. मग प्रत्येक कार्यक्रमात तेच. राजदीप 'नको आनू'वर माईक पब्लिककडे फिरवायचा आणि शेकडो गळे एकदम खाकरायचे. तो हसायचा. दिवसेंदिवस माईक जास्त वेळ तिकडेच धरायचा. एसटीत अनोळखी पोरगा खाकरला आणि तुम्ही उलटून खाकरलात, की तो सरकून जागा द्यायचा. आपल्यातला आहे म्हणून.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी 'बोडी'चे कार्यक्रम बंद झाले. दादाला तोंड उघडायला त्रास होतो म्हणे. नागपूरला नेलं म्हणे. ऑपरेशन झालं, घरी आणलं, कोणाला भेटत नाही म्हणे. धानाच्या लोंब्या भरायच्या दिवसांत एका सकाळी विहाराच्या मागच्या गल्लीत माणसं जमायला लागली.

कॅन्सरनं गेला. वय असं काहीच नव्हतं.

रंजितानं तोपर्यंत एवढी माणसं फक्त मंडईत पाहिली होती. गोंदियाहून, तिरोड्याहून, पार आमगावकडून पोरं-पोरी आली होती, कोणी मोटारसायकलवर तिघं, कोणी सकाळच्या गाडीनं. विहारात वंदना झाली, त्रिशरण झालं, आणि अंत्ययात्रा निघाली तसं कोणीतरी फोनवर ते गाणं लावलं. मग दुसऱ्यानं लावलं. मग सगळ्यांनीच. कोणी सांगितलं नव्हतं. पण सगळ्यांनी एकदम लावलं नव्हतं ना, म्हणून गाणं कुठं पुढं होतं, कुठं मागं. शब्द एकमेकांत मिसळून नुसती गुणगुण झाली होती, माशा घोंगावल्यासारखी, आणि त्या गुणगुणीतून ती खाकर तेवढी स्वच्छ ऐकू येत होती. आत्ता डाव्या हाताला, कोणाच्या तरी खिशातून. आत्ता मागून. आत्ता पुढं, तिरडीच्या अगदी जवळून. जो खांद्यावर निश्चल पडला होता, तो सगळ्या गर्दीतून खाकरत स्मशानापर्यंत चालत गेला. रंजितानं रिंकीचा हात इतका आवळला की रिंकीच्या बांगडीचा वळ दोघींच्या मनगटांवर उठला.

त्यानंतरच्या रविवारी शाळेच्या मैदानावर आदरांजलीचा कार्यक्रम ठरला. गाणं कोणी म्हणायचं यावर पोरांची बरीच हुज्जत झाली, पण प्रफुल्लनं एका वाक्यात निकाल लावला. "शहारेची पोट्टी म्हनन. तिचा गळा चालते." रंजिता त्या रात्री जेवलीच नाही. आनंदानं का भीतीनं, ते तिचं तिलाही कळलं नाही. तिला एवढंच कळत होतं की हे गाणं चुकलं तर राजदीपदादा दुसऱ्यांदा जाईल, आणि यावेळी तिच्या हातून.

सरावाला समाजमंदिरात प्रफुल्ल एकटाच बसला होता, कॅसिओ मांडीवर घेऊन. रंजितानं गाणं धरलं. 'नको आनू'वर आली, मान जराशी बाजूला केली, दोनदा खाकरली, बरोब्बर दादासारखी, आणि प्रफुल्लचा हात पट्ट्यांवरून खाली आला.

"ते नको करू."

"काऊन? चुकलं का?"

"नाही वो. बरोब्बर जमलं, तेच त." प्रफुल्ल खालीच पाहत होता. "स्टाईल नव्हती ते. त्याच्या जिभेच्या मुळाशी फोड आलता तवा. वर सूर घेतला का काटा रुतल्यासारखं होये त्याले. मंडईच्या दिवशी पहिल्यांदा इतकं दुखलं का सूर सुटला. म्हनून थांबला. मागं येऊन मले सांगितलं त्यानं, आज फजिती झाली म्हने. मी म्हनलं, अबे फजिती कायची, पब्लिक पागल झाली, आता दरवेळी असंच कर." त्यानं खिशातली खर्र्याची, तंबाखू-सुपारीची पन्नी काढली, पाहिली, परत ठेवली. "दोघं मिळून खावो आमी हे. दिवसभर. त्यालेच काऊन झालं, कोन जाने."

रंजिता घरी येताना सायकल हातात धरून चालत आली.

आणि मग सुरू झालं. आता तिला जिथं तिथं तेच ऐकू यायला लागलं. हापशी चालवली की पाणी येण्याआधी तिचा लोखंडी गळा दोनदा अडकायचा, एक लहान, एक त्याहून लहान. शेजारच्यांची बकरी खाकरायची. सकाळची गाडी स्टेशनात थांबताना खाकरायची. वर्गात कोणीतरी सवयीनं तो आवाज काढला आणि खिडकीपासून दुसऱ्यानं जाब दिला, तेव्हा तिला तिथं पोरं दिसलीच नाहीत. तिला दिसला स्टेजवर माईक पुढं धरून हसणारा दादा आणि खाली शेकडो माणसं, जी त्याचं दुखणं त्यालाच वाजवून दाखवत होती, तालावर, टाळ्या पिटत. त्यात पहिल्या रांगेत ती स्वतः. रात्री उशी कानावर दाबली तरी ते थांबेना, कारण ते कानात नव्हतंच. गाऊन गाऊन ते तिच्या घशात जाऊन बसलं होतं.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत तिनं रिंकीला गाठलं. "रविवारी कोनी खाकरनार नाही."

"कोन म्हने?"

"मी म्हनून राहिली."

प्रफुल्लनं सांगितलेलं सगळं तिनं रिंकीला सांगितलं. रिंकीचे डोळे भरले, पण रिंकी व्यवहाराची पक्की. "रंजू, हजार लोकं येतीन. तू काय सगळ्यांच्या तोंडावर हात ठेवशीन?"

"खुमेंद्रदादाच्या दुकानापासून सुरू करू."

खुमेंद्र ऐकायलाच तयार नव्हता. "पागल हो क्या दोनों? अबे, मंग त्या गान्यात राहिलं काय? पब्लिक तेवढ्यासाठीच येते."

"पब्लिकले सांगा तो बिमारीचा आवाज होता," रंजिता म्हणाली. "तुमी भरून देल्ला न सगळ्यांच्या कार्डात? मंग तुमीच सांगा."

आपल्याशी असं बोलायची हिची हिंमत झाली कशी, असं काहीतरी खुमेंद्रच्या तोंडावर आलं आणि गेलं. त्यानं काउंटरवरचा फोन उचलला आणि मेसेज टाइप करायला घेतला. संध्याकाळपर्यंत तो मेसेज तिरोड्याला पोचला, शनिवारी गोंदियाच्या कॉलेजातली पोरं उलटून विचारत होती, खरं आहे का म्हणून. रिंकी आणि रंजिता सायकलवर गावातल्या गल्ल्या फिरल्या, पानठेल्यावर उभ्या पोरांना थांबवून सांगितलं. काही हसले, काहींनी मान खाली घातली. एका पोरानं तोंडातला खर्रा थुंकला आणि मग कुठं पाहावं ते त्याला सुचेना. रंजिताला वाटलं, आपण आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मोठं केलं. प्रफुल्लला एकदा विचारावं, हे मात्र तिच्या डोक्यातच आलं नाही. त्याच्यासाठीच तर चाललं होतं सगळं.

रविवारी चार वाजता मैदान भरलं. स्टेजवर राजदीपचा फोटो, पुढं मेणबत्त्या, बाजूला स्टँडवर त्याची गिटार. पहिल्या रांगेत मधोमध खुर्चीवर त्याची आई, शकुंतलाबाई. पांढरं लुगडं, पदर डोक्यावरून घट्ट. पोराच्या एकाही कार्यक्रमाला त्या कधी आल्या नव्हत्या. दिवसभर लोकांच्या बांधीत, धानाच्या शेतात रोवणी-निंदणी करून आलेली बाई गाणं ऐकायला कधी जाणार.

रंजितानं गाणं धरलं. प्रफुल्ल मागं हळू वाजवत होता. आणि गळा असा लागला, असा लागला, की पहिल्याच ओळीला तिला वाटलं आपण गात नाही, कोणीतरी आपल्यातून गातंय. सूर चढत गेला. 'उजेड नको आनू…' आणि ती थांबली.

मैदान गप्प होतं. एवढी माणसं आणि एकाचाही श्वास ऐकू येईना. मेणबत्तीची वात तडतडली ती माईकमध्ये आली. दूर मालगाडीचे डबे एकामागून एक रुळांवरून गेले. रंजितानं पाहिलं, पहिल्या रांगेत शकुंतलाबाई खुर्चीच्या काठावर सरकून बसल्या होत्या. मान थोडी तिरपी, एक कान पुढं. गाडी निघून गेल्यावरही त्या तशाच होत्या.

"मी जागाच आहो," रंजिता म्हणाली.

कार्यक्रम संपल्यावर लोकं रडून रडून तिला भेटले. गोंदियाच्या एका मुलीनं तिच्या हाताची पापी घेतली. "कोई नहीं खाँसा यार, एक भी नहीं," ती म्हणत होती. खुमेंद्रनं दुरून अंगठा दाखवला. प्रफुल्ल मात्र वायर गुंडाळत खाली मान घालून बसला होता, आणि रंजिता जवळ गेली तेव्हा त्यानं एवढंच म्हटलं, "शकुंतलामावशीनं तुले उद्या घरी बलावलं."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दोघी गेल्या. रिंकी दारात सायकल धरून थांबली. मयतीच्या घरात तिला भीती वाटायची. रंजिता एकटीच आत गेली. एक खोली, मागं स्वयंपाकखोली, मधे पडदा. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, त्याखाली खाट. खाटेवरची गादी गुंडाळून ठेवली होती.

"बस," शकुंतलाबाई म्हणाल्या. रंजिता खाटेवर बसली नाही, खाली चटईवर बसली.

"चांगलं म्हनलं तू."

"हो, मावशी."

"खाकरलं काऊन नाही कोनी?"

रंजितानं वर पाहिलं. बाईंच्या आवाजात राग नव्हता. बाजारातून एखादी वस्तू आणायची राहिली तर विचारतात, तसं त्या विचारत होत्या.

"मीच सांगितलं सगळ्यांले, मावशी. ते… दादाच्या दुखन्याचं होतं न. आमाले माहीत नव्हतं. आमी हसत होतो."

"हं." शकुंतलाबाई पडद्याकडे पाहत होत्या. "ऑपरेशन केलं त डॉक्टरनं जीभच काढली त्याची. बोलन कशानं? लिहून दाखवे, पन मले वाचता येते कुठं. मंग खाकरे. पानी पाहिजेन त एक डाव. मले बलावाचं असन त दोन डाव. रात्री मी तिकडं भांडे घासो, तो या खाटीवर पडून राहे. मी तिथूनच इचारो, झोपला का बाबू? त खाकरे." त्या थांबल्या. "आता बी इचारतो मी. आदत झाली."

पडद्याआड कुठंतरी पाणी ठिबकत होतं.

"प्रफुल्ल म्हने, मले त आता आयकवत नाही, पन मावशी, तुमी एक डाव या. पूरा गाव तुमच्या पोरासारखा खाकरते, तुमाले माहीत नाही. म्हनून आली मी. सामोर बसवलं मले. तू तिथंपर्यंत आली, मंग चूप झाली. मले वाटलं, आता. मंग वाटलं, आता येईन. मंग तू पुढं म्हनाले लागली."

रंजिताला आपला चेहरा कुठं ठेवावा कळेना. माफी मागायला तिनं तोंड उघडलं आणि तोंडातून भलतंच निघालं. "मी करून दाखवू का, मावशी? मले येते."

"कर."

ती सावरून बसली. मान बाजूला केली. वर्षभर वर्गात, एसटीत, गॅदरिंगमध्ये केलं होतं, झोपेत उठवलं तरी आलं असतं. तिनं केलं. खोलीत ते नुसतं एका शाळकरी पोरीचं खाकरणं वाटलं. पुन्हा केलं. त्याहून वाईट.

"तसा नाही वो," शकुंतलाबाई म्हणाल्या. मग त्यांनी मान जराशी बाजूला केली, आणि त्यांच्या गळ्यातून ते आलं. एक लहान. एक त्याहून लहान. मग आवंढा.

ते त्याच्यासारखं नव्हतं. ते त्याचंच होतं. खुमेंद्रच्या कार्डातल्याहून साफ, जवळ, ओलं. रंजिताच्या मानेवरचे केस उभे राहिले, पाय दाराकडे पळायला निघाले, आणि तेवढ्यात तिचा गळा, त्या गळ्याला बिचाऱ्याला एवढंच ठाऊक होतं की या आवाजानंतर काय येतं, आपणहून उघडला.

"मी जागाच आहो," ती गायली.

शकुंतलाबाईंनी डोळे मिटले. डोळे न उघडताच म्हणाल्या, "आता पयल्यापासून म्हन."

तिनं पहिल्यापासून म्हटलं. जागा आली, बाई खाकरल्या. पुन्हा म्हटलं. पुन्हा खाकरल्या. पोरगी गात होती आणि म्हाताऱ्या गळ्यातून तो तरुण माणूस येऊन जात होता, येऊन जात होता, आणि दोघींपैकी कोणालाच ते थांबवावंसं वाटत नव्हतं. शेवटी चूल पेटवायची वेळ झाली तेव्हा बाई उठल्या. "मंडईत म्हनशीन न?" त्यांनी विचारलं. "मी येतो. सांगून ठेव सगळ्यांले."

रंजिता बाहेर आली. रिंकी सायकलच्या पलीकडे उभी होती, हँडल दोन्ही हातांनी धरून, तोंड पांढरं फटक.

"आत कोन आहे वो?"

"मावशी."

"आनखी?"

"एकटीच आहे."

रिंकीनं दाराकडे पाहिलं, मग रंजिताकडे, आणि तिनं सायकल वळवली. बसली मात्र कोणीच नाही. दोघी ती मधे धरून स्टेशनच्या रस्त्याला लागल्या. थोडं अंतर गेल्यावर रंजिता म्हणाली, "खुमेंद्रदादाले सांगा लागते. मंडईत खाकराचं आहे. सगळ्यांनं."

"आताच त नाही म्हनून सांगितलं न गावभर. मारतीन आपल्याले."

"मारू दे."

मागं विहाराच्या गल्लीत कोणीतरी आपल्या स्वयंपाकखोलीतून कोणाला तरी काहीतरी विचारलं. शब्द कळले नाहीत. दोघी थांबल्या, आणि जाब येतो का ते ऐकत रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या.